काचेवर उतरलेले मैदान

जुन्या काळातील खेळांची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यांत खेळ कमी आणि खेळाडू अधिक दिसतात. पोलोचा संघ घोड्यांना लगाम लावून ओळीने उभा असतो, शिकारीहून परतलेली मंडळी खुर्च्यांवर शांतपणे बसलेली असतात, मागे शामियान्याची झालर, त्यामागे धूसर झाडे आणि वर पांढरेफटक, ढगविरहित आकाश. धावणाऱ्या घोड्याचे चित्र क्वचित सापडलेच, तर त्याच्या टापांभोवती धुळीचा मऊ पडदा असतो आणि दूरवरचे प्रेक्षक पुसट ठिपक्यांसारखे भासतात. आजच्या वाचकाला या चित्रांचा हा भारदस्त संथपणा त्या काळच्या माणसांच्या स्वभावाचा भाग वाटतो. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी मैदानाने, प्रकाशाने आणि काचेच्या पाटीने घडवलेला आहे. दख्खनमध्ये हा घाट ज्यांच्या हातून पक्का झाला, त्या राजा दीनदयाळ यांचे आयुष्य म्हणूनच मराठवाड्याच्या वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे.

मराठवाड्याच्या म्हणण्याचे कारण सरळ आहे. दीनदयाळ ज्या दरबाराचे छायाचित्रकार होते, त्या सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खान यांच्या राज्यातच नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे होती. नांदेड हा त्या राज्याचा एक जिल्हा होता. लातूर त्या वेळी जिल्ह्याचे ठिकाण नव्हते. ते पुढे उस्मानाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यातील एक बाजारपेठ होते आणि स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. नांदेडपासून जवळच्या हिंगोलीला आणि लातूरपासून जवळच्या मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, हैदराबाद कंटिन्जंटच्या लष्करी छावण्या होत्या. १९०३ मध्ये या फौजेची पुनर्रचना होऊन ती हिंदुस्थानी लष्करात विलीन होईपर्यंत घोडदळाचे जीवन हे या भागाच्या परिचयाचे दृश्य होते. जेथे घोडदळ तेथे भालाफेक, तंबूच्या मेखा उपटण्याची चढाओढ, शर्यती आणि पोलो हे आलेच. दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यासमोर जे खेळ मांडले गेले, ते याच छावणीच्या आणि दरबाराच्या संस्कृतीतले होते.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरली. नकाशे काढणे, अंदाजपत्रके करणे, जमिनीची मापे घेणे हे त्यांचे काम. छायाचित्रण त्यांनी १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत, हाती घेतले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि मध्य हिंदुस्थानातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असता त्यांची छायाचित्रे घेण्याची संधी या हौशी सरकारी नोकराला मिळाली, आणि तेथून त्यांची कीर्ती पसरू लागली.

त्यांचे पहिले शिक्षण आराखड्याचे होते, ही बाब विसरता कामा नये. जागा आधी नीट पाहावयाची, उंची-अंतराचा हिशेब करावयाचा, मगच रेघ ओढावयाची, ही अभियंत्याची शिस्त त्यांच्या छायाचित्रांत अखेरपर्यंत राहिली. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली आणि ती १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. देवळे आणि किल्ले हलत नाहीत. त्यांच्यासमोर छायाचित्रकाराला ऊन कलण्याची वाट पाहता येते. मैदानावरचा घोडा मात्र वाट पाहत नाही. स्थिर दगडापासून चंचल घोड्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, यातच जुन्या क्रीडाछायाचित्रणाचे मर्म दडलेले आहे.

दीनदयाळ यांनी सुरुवात केली तेव्हा ओल्या पाटीची पद्धत रूढ होती. काचेवर कोलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यावयाचा आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढावयाची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. दख्खनच्या उन्हात पाटी त्याहूनही लवकर वाळे. प्रकाश देण्यास कित्येक सेकंद लागत आणि तेवढ्या वेळात हललेली प्रत्येक वस्तू पुसट होई. अशा साधनाने धावता खेळ टिपणे अशक्यच होते. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या पाटीची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस तशा तयार पाट्या बाजारात येऊ लागल्या. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात दौडत्या घोड्याच्या पावलांची मालिका टिपून दाखवली. सेकंदाचा अंश आता छायाचित्रकाराच्या हाती आला होता. दीनदयाळ यांचा उत्कर्षकाळ नेमका याच बदलाशी जुळून आला.

१८८० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी सरकारी नोकरीतून रजा घेतली, पुढे ती कायमची सोडली आणि हैदराबाद राज्याचा रस्ता धरला. सिकंदराबादेस त्यांनी चित्रशाळा उघडली. १८८५ मध्ये ते व्हाइसरॉयचे अधिकृत छायाचित्रकार झाले, निजामाच्या दरबारीही त्यांची नेमणूक झाली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या नावाने मिळणारी सनदही पुढे त्यांच्या पदरी पडली. सिकंदराबाद ही ब्रिटिशांची मोठी छावणी. तेथील कवायतीची मैदाने, जिमखाने, शर्यतीच्या वाटा आणि पोलोची हिरवळ हे त्यांचे रोजचे कार्यक्षेत्र बनले.

या मैदानांनी चित्राला कसे वळण दिले, ते पाहण्यासारखे आहे. पोलोचे पूर्ण मैदान तीनशे यार्ड लांब आणि दोनशे यार्ड रुंद असते. तिवईवर ठेवलेला अवजड कॅमेरा त्याच्या काठावर उभा केला, तर पलीकडच्या टोकाचा घोडेस्वार पाटीवर मुंगीएवढा उमटे. दूरचे दृश्य जवळ आणणारी भिंगे १८९० च्या दशकात कोठे येऊ लागली होती. त्यामुळे छायाचित्रकारापुढे दोनच वाटा उरत. एक तर रुंद क्षितिज, विस्तीर्ण मोकळी जमीन आणि मधे विखुरलेले चिमुकले स्वार असे चित्र घ्यावयाचे. नाही तर खेळापूर्वी अथवा खेळानंतर संघाला मैदानाच्या कडेला उभे करावयाचे. दुसरी वाट भरवशाची होती आणि गिऱ्हाइकालाही तीच रुचे, कारण तीत प्रत्येकाचा चेहरा ओळखू येई. जुन्या संघचित्रांचा तो परिचित घाट, मधे कर्णधार, दोहो बाजूंस समतोल खेळाडू, समोर चषक आणि मागे घोडे धरून उभे असलेले मोतद्दार, या अडचणीतूनच पक्का झाला.

घोडा धावतानाच टिपावयाचा झाला, तर त्यालाही काही व्यावहारिक नियम होते. कॅमेऱ्यासमोरून आडवा जाणारा घोडा पाटीवर अधिक फरफटतो. तिरकस किंवा समोरून येणारा त्या मानाने स्पष्ट उमटतो. म्हणून छायाचित्रकार आधीच एक जागा हेरून ठेवी, उडीचा अडसर किंवा जमिनीत ठोकलेली मेख, तेथे भिंग जुळवून ठेवी आणि स्वार नेमका त्या ठिकाणी आला की झडप उघडे. डोळा घोड्यामागे फिरत नसे. घोडाच डोळ्यासमोर यावा लागे. त्यामुळे ज्या खेळांत कृती एका ठरलेल्या बिंदूवर घडते, ते खेळ कॅमेऱ्याला सोयीचे ठरले. उडी, मेख उपटणे, शर्यतीची सुरुवात आणि शेवट ही त्या काळची आवडती दृश्ये का होती, याचे उत्तर येथे मिळते.

रंगांचाही खेळ वेगळाच होता. त्या काळच्या साध्या पाट्या निळ्या प्रकाशाला फार हळव्या आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. निळे आकाश त्यामुळे पाटीवर जळून जाई आणि कागदावर कोरे पांढरे उमटे. तांबडी माती आणि तांबडे फेटे काळपट दिसत. पांढरे सदरे आणि शुभ्र साफे मात्र उन्हात दिव्यासारखे चमकत. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर खेळण्याची दख्खनमधील रीत होती, म्हणून चित्रांत सावल्या लांब पडलेल्या दिसतात. घोड्यांच्या टापांनी उठलेली धूळ या तिरप्या उन्हात तरंगे आणि मागचे सारे दृश्य धूसर करी. धुळीमुळे मागची गर्दी विरघळे, पुढचा स्वार उठून दिसे आणि चित्राला आपोआप खोली येई. आज ज्याला आपण जुन्या चित्रांचे वातावरण म्हणतो, ते असे मैदानातल्या मातीचे देणे आहे. त्यात भर अंड्याच्या पांढऱ्या बलकाने लेपलेल्या कागदाची. काचेएवढाच कागद काचेला चिकटवून तो उन्हात ठेवावयाचा आणि चित्र उमटू द्यावयाचे. सोन्याच्या क्षाराने पक्की केलेली ती जांभळट-तपकिरी छटा कालांतराने पिवळसर होत गेली.

निजामाची शिकार हे दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यापुढचे आणखी एक मोठे रंगस्थळ. महबूब अली खान नामांकित नेमबाज होते. १८९० च्या दशकात त्यांच्या शिकारीच्या तळांची दीनदयाळ यांनी घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी पत्नीसह हैदराबाद राज्यात केलेल्या वाघाच्या शिकारीचे चित्रही त्यांच्याच चित्रशाळेचे. शिकारीचे रंगस्थळ जंगलात, आणि जंगलात प्रकाश अपुरा. प्रत्यक्ष गोळी झाडल्याचा क्षण पाटीवर येणे दुरापास्त होते. म्हणून खेळ संपल्यावर, मोकळ्या जागी, वाघ पुढ्यात ठेवून चित्र घेतले जाई. थरार होऊन गेलेला असे आणि चित्रात उरे ते फक्त स्वामित्व. शिकारीची जुनी चित्रे एवढी निश्चल आणि किंचित भयावह का वाटतात, ते यावरून उमगते.

दरबारी मान वाढत गेला. १८९२ मध्ये दीनदयाळ यांनी हैदराबादेस पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा सुरू केली आणि ती एका इंग्रज महिलेकडे सोपवली. शिकागो येथे १८९३ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे झळकली. १८९४ मध्ये निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. तलवारीच्या पराक्रमासाठी राखून ठेवलेला जंग हा शब्द एका काचेच्या पाटीवाल्याच्या नावापुढे लागला. १८९६ मध्ये मुंबईतही त्यांची चित्रशाळा उघडली. ज्ञानचंद आणि धरमचंद हे दोघे पुत्र व्यवसायात होते, आणि राजा दीनदयाळ अँड सन्स हे नाव हिंदुस्थानभर परिचित झाले.

याच काळात मराठवाड्यावर दुष्काळाची छाया पडली. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागात निजाम सरकारने काढलेल्या मदतकार्यांची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या चित्रशाळेने घेतली. वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला त्यांनी पूर्वीच टिपला होता. आता त्याच मुलखातील भुकेली माणसे भिंगासमोर आली. या चित्रांकडे पाहताना मनात एक विलक्षण अस्वस्थता येते. पोलोच्या संघाला जसे ओळीने उभे केले जाई, तसेच येथे माणसांना ओळीने उभे वा बसते केलेले आहे. तीच समतोल मांडणी, तेच उन्हाने कोरे केलेले आकाश, तोच दूरचा, सभ्य डोळा. मैदानाने आणि दरबाराने घडवलेली दृष्टी उपासमारीपुढे आली तेव्हाही तिला दुसरी भाषा सापडली नाही. कलावंताला हा दोष देता येईल, परंतु तो पुरा न्याय होणार नाही. ज्याने कॅमेरा बोलावला, त्याला राज्याची व्यवस्था दाखवावयाची होती. माणसाचे दुःख दाखवण्याचे काम त्याने सांगितलेलेच नव्हते. तरीही त्या ओळींतील चेहरे व्यवस्थेच्या पलीकडचे काही सांगून जातात, आणि ते सांगण्याइतका प्रामाणिकपणा त्या भिंगात होता, हेही मान्य केले पाहिजे.

येथे मराठवाड्यातल्या दुसऱ्या मैदानाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोड्यांच्या बाजारासाठी आणि कुस्त्यांच्या फडासाठी ती प्रसिद्ध आहे. लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतही महाशिवरात्रीच्या निमित्ताने कुस्त्या रंगतात. या फडांचे वातावरण पोलोच्या हिरवळीपेक्षा सर्वस्वी निराळे. हौद लहान, माती तेल आणि ताक घालून मऊ केलेली, सभोवार माणसांचे कडे, त्याला लागून हलगीचा कडकडाट. मल्ल हातभर अंतरावर, पण त्यांच्यावर प्रकाश पडेल अशी जागा गर्दी ठेवत नाही. कुस्तीत ठरलेला बिंदू नसतो. डाव कोठे आणि केव्हा पडेल हे मल्लालाही ठाऊक नसते. तांबड्या मातीने माखलेले अंग त्या काळच्या पाटीवर काळ्या आकृतीसारखेच उमटले असते. शिवाय काचेच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाऱ्या तंबूचा पसारा घेऊन बैलगाडीने यात्रेला जाण्याचा खर्च कोणी उचलावा? नांदेडला रेल्वे पोहोचली ती १९०० च्या सुमारास. लातूरला बार्शी लाइटची अरुंद गाडी १९११ मध्ये आली, तेव्हा दीनदयाळ यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. त्या काळी कॅमेरा आपणहून कोठे जात नसे, तो बोलावणाऱ्याकडे जाई. म्हणून मल्लाचे चित्र निघालेच, तर ते फड संपल्यावर, शहरातील चित्रशाळेत, रंगवलेल्या पडद्यासमोर, खांद्यावर गदा घेऊन निघे. घाम वाळलेला, माती धुतलेली, हलगी थांबलेली.

दीनदयाळ यांची अखेरची वर्षे सुखाची नव्हती. १९०३ च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रे हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस ठरला. १९०४ मध्ये धाकटे पुत्र धरमचंद वारले. त्यानंतर वर्षभरातच, ५ जुलै १९०५ रोजी, मुंबईत दीनदयाळ यांनी देह ठेवला. छायाचित्रणही तोवर बदलले होते. हातात मावणारे कॅमेरे आणि गुंडाळीची फिल्म आल्यावर जो तो आपली चित्रे आपणच काढू लागला. राजाश्रयावर उभा असलेला डोलारा सावरणे ज्ञानचंद यांना अवघड गेले. १९११ मध्ये महबूब अली खानही निवर्तले आणि एका युगाचा पडदा पडला.

काचा मात्र टिकल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दीनदयाळ यांच्या चित्रशाळेतील २,८५७ काचेच्या पाट्या विकत घेऊन जतन केल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सरधन्याहून आलेला आरेखक निजामाच्या राज्याची स्मृती ठरला. ज्यांनी त्याला बोलावले त्यांचे चेहरे आज आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. ज्यांनी त्यांचे घोडे धरले, वाघ उठवले, शामियाने उभारले, त्यांचेही चेहरे त्याच पाट्यांवर आहेत, फक्त त्यांच्याखाली नावे नाहीत.

लातूरचे मैदान कॅमेऱ्यासमोर आपल्या हक्काने आले ते फार पुढे. निजामाचे राज्य १९४८ मध्ये संपले, मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरीचा किताब लातूरच्या फडात ठरला. तो जिंकला निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी. एव्हाना छायाचित्रकार हौदाच्या काठावर उकिडवा बसू शकत होता, डाव पडताक्षणी बोट दाबू शकत होता, आणि त्याला कोण्या नवाबाच्या निमंत्रणाची गरज उरली नव्हती. कॅमेरा हलका झाला म्हणून हे घडले, तसे मैदानाचा मालक बदलला म्हणूनही घडले.

नांदेड-लातूरकडच्या अनेक जुन्या घरांत आजही एखादा फिकट झालेला मल्ल भिंतीवर टांगलेला असतो. खांद्यावर गदा, मागे रंगवलेला महाल, नजर सरळ भिंगात. त्याच्याकडे पाहताना तो असा निश्चल का उभा आहे, हा प्रश्न मनात यावा, आणि त्याबरोबर त्याच्या मागचा न दिसणारा फडही आठवावा. त्या तसबिरीच्या मागील बाजूस त्याचे नाव, गाव आणि साल कोणी तरी वेळीच लिहून ठेवले, तर दीनदयाळ यांच्या पाट्यांवरील अनामिकांच्या रांगेत आणखी एकाची भर पडणार नाही.